परतफेड न करू शकणारा पाहुणा

(वाचावे : लूक १४:१–२४)

शब्बाथाच्या दिवशी परूश्यांपैकी एका प्रमुखाच्या घरी आपला प्रभू जेवावयास गेला होता. तेथे त्याने प्रथम जलोदराने पीडलेल्या एका मनुष्यास बरे केले. मग मानाच्या जागा निवडून बसणाऱ्या पाहुण्यांस त्याने नम्रतेचा बोध केला. आणि शेवटी, ज्याच्या घरचे अन्न तो जेवत होता त्या यजमानाकडे वळून त्याने असे काही सांगितले की, ते ऐकून पंक्तीतील कित्येकांचा घास हातातच राहिला असेल. त्याच्या बोलण्याचा भावार्थ असा : जेवणावळ करशील तेव्हा मित्र, भाऊ, नातलग आणि श्रीमंत शेजारी ह्या चौघांस आमंत्रण करीत बसू नको, दरिद्री, व्यंग असलेले, लंगडे आणि आंधळे ह्या चौघांस बोलाव. पहिले चौघे तुझी फेड करतील. दुसऱ्या चौघांजवळ फेड करावयास काहीच नाही, आणि म्हणूनच तू धन्य होशील. तुझी फेड नीतिमानांच्या पुनरुत्थानाच्या वेळी होईल.

ह्या वचनातील एक गोष्ट सहज नजरेतून निसटते. आपण केलेले परत मिळाले नाही तर कसे होईल, ह्याचे भय मनुष्याला सर्वत्र वाटत असते. प्रभूने हे भय उलटे केले आहे. तो यजमानाला सावध करतो ते असे की, सांभाळ, नाहीतर तुझी फेड होऊन जाईल! सावकाराला बुडीत कर्जाची धास्ती असते. येथे वसूल झालेले कर्ज हीच हानी मानली आहे. हे बोलणे वाचून ज्याला आश्चर्य वाटत नाही, त्याने ते नीट ऐकले नाही असेच समजावे.

तर मग भावाबहिणींस, सोयऱ्याधायऱ्यांस घरी जेवू घालणे हे पाप आहे काय? तसे नाही. प्रभू स्वतः काना गावच्या लग्नास गेला होता. बेथानी येथे मार्था व मरीया ह्यांच्या घरी तो स्नेहाने उतरत असे. पुनरुत्थानानंतर तिबिर्याच्या समुद्रकाठी आपल्या शिष्यांसाठी त्याने विस्तव पेटवून मासळी व भाकर तयार ठेवली होती. आप्तांच्या प्रीतीचा त्याने कधीही तिरस्कार केला नाही. त्याचा आक्षेप आहे तो त्या हिशेबावर, जो यजमान मनातल्या मनात मांडीत असतो आणि ज्यात दरिद्र्याचे नाव कधीच येत नाही.

हा हिशेब कसा असतो हे आम्हां मराठी लोकांस शिकवावयास नको. खेड्यातील लग्नकार्य डोळ्यांपुढे आणावे. मांडवाच्या कोपऱ्यात एक जाणता मनुष्य वही घेऊन बसलेला असतो. कोणी किती रुपये दिले, कोणी लुगडे आणले, कोणी भांडे आणले, हे सर्व तो नावनिशीवार टिपून घेतो. कार्य आटोपल्यावर ती आहेराची वही पेटीत जपून ठेवितात. आणि पुढे त्या त्या घरी कार्य निघाले म्हणजे ती काढून पाहतात, व जितके आले तितके, किंवा वर थोडे घालून, परत करितात. ही रीत सर्वस्वी वाईट आहे असे म्हणता येत नाही. एकट्याला न पेलणारे ओझे दहा घरांनी मिळून उचलण्याची ती जुनी युक्ती आहे, आणि तिच्या योगाने कित्येक गरिबांच्या मुलींची लग्ने पार पडली आहेत. परंतु तिला तिच्या खऱ्या नावाने ओळखावे. ती देवघेव आहे. तिला पाहुणचार म्हणू नये.

शिवाय ह्या वहीचा एक परिणाम असा होतो की, जिच्या घरी आता कोणतेच कार्य निघावयाचे नाही अशी म्हातारी विधवा, ज्याचा हात चालत नाही असा मजूर, जो दुसऱ्या गावाहून पोटासाठी आला आहे असा परका, ह्यांची नावे हळूहळू तीतून गळून पडतात. त्यांना कोणी मुद्दाम वगळीत नाही. पुष्कळदा ती माणसे आपण होऊनच यावयाची थांबतात; कारण रिकाम्या हाताने मांडवात शिरावयास त्यांना लाज वाटते. अशा रीतीने एकाही कठोर शब्दावाचून गावातील सर्वांत गरीब मनुष्य गावाच्या आनंदातून बाहेर पडतो. प्रभूने ज्या चौघांची नावे घेतली, ते हेच होत.

आता कोणी म्हणेल की, अशा लोकांस आम्ही विसरत नाही. पंगती उठल्यावर उरलेसुरले अन्न आम्ही त्यांस दारात वाढतो. येथे थोडा विचार केला पाहिजे. कारण देणे एक आणि पाहुणचार करणे दुसरे. देणारा उंबरठ्याच्या आत उभा असतो व घेणारा बाहेर. आणि भाकरी जरी एकाच्या हातून दुसऱ्याच्या हातात गेली, तरी उंबरठा दोघांच्या मध्ये तसाच राहतो. पाहुणचारात उंबरठा ओलांडला जातो. पाहुण्यास पाय धुवावयास पाणी देतात, बसावयास घोंगडी टाकितात, त्याचे नाव व गाव विचारितात, आणि घरचा मनुष्य त्याच्याबरोबर जेवतो. भुकेल्याला भाकरी हवी हे खरे. परंतु आपण कोणाचे तरी कोणी आहोत, हे कळण्याचीही भूक त्याला असते. दारात वाढलेल्या अन्नाने पहिली भूक भागते, आणि दुसरी अधिकच पेटते.

ह्याचा सुंदर नमुना शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकातील नवव्या अध्यायात आहे. योनाथानाचा पुत्र मफीबोशेथ पाच वर्षांचा असता शौल व योनाथान पडल्याची बातमी आली. दाई त्याला घेऊन पळत असता तो पडला आणि दोन्ही पायांनी लंगडा झाला. पुढे तो लोदबार येथे माखीर नावाच्या मनुष्याच्या घरी आश्रयाने राहत होता. ज्या राजाचे राज्य गेले त्याचा तो नातू. नव्या राजाने बोलावणे पाठविले तेव्हा तो भीतीने भुईला लोटला, आणि मेलेल्या कुत्र्याची उपमा त्याने स्वतःस दिली. दावीदाने त्याला शौलाची शेतजमीन परत दिली, आणि ती कसण्यासाठी सीबा, त्याचे पंधरा पुत्र व वीस चाकर नेमून दिले. इतक्यावरच राजा थांबला असता, तरी लोकांनी त्याच्या औदार्याची कीर्ती गायिली असती. कारण मफीबोशेथाचे पोट आता भरणार होते. परंतु राजाने त्याला राजपुत्रांप्रमाणे नित्य आपल्या पंक्तीस बसविले. तो अध्याय संपताना शास्त्रलेखक पुन्हा एकदा सांगतो की, तो मनुष्य दोन्ही पायांनी लंगडा होता. राजाच्या पंक्तीस बसल्याने त्याचे पाय बरे झाले नाहीत. तो जसा होता तसाच तेथे बसला, आणि तसाच त्याचा सन्मान झाला. दावीदाने हे योनाथानाच्या प्रीतीस्तव केले. मफीबोशेथाकडून काही मिळावे म्हणून केले नाही. आम्हांसही ह्याच रीतीने दुसऱ्या एकाच्या प्रीतीस्तव करावयाचे आहे.

पंक्तीचा विषय निघाला असता आपल्या देशाची एक जुनी व्यथा बाजूस ठेवून चालणार नाही. पाहुण्याचा मान आपल्या लोकांत प्राचीन आहे, आणि त्याबद्दल आपण कृतज्ञ असावे. तथापि तो मान जातीच्या कुंपणापर्यंत जाऊन थांबत असे. पैठणच्या एकनाथांविषयी अशी कथा परंपरेने सांगतात की, श्राद्धाकरिता शिजविलेले अन्न त्यांनी भुकेल्या अस्पृश्यांस जेवू घातले आणि त्यामुळे ब्राह्मणांचा रोष पत्करला. ही कथा लोकांनी इतकी वर्षे जतन केली, ह्यावरून तसे वागणे किती दुर्मीळ होते ते दिसते. आमच्या ख्रिस्ती मंडळ्यांनी ह्या बाबतीत बढाई मारू नये. लक्ष्मीबाई टिळक ह्यांनी आपल्या ‘स्मृतिचित्रे’ ह्या पुस्तकात मोकळेपणाने सांगितले आहे की, पती नारायण वामन टिळक ह्यांचा १८९५ साली बाप्तिस्मा झाल्यावरही काही काळ त्या आपले सोवळे पाळून वेगळा स्वयंपाक करीत असत. पुढे त्यांचे मन पालटले, व ज्यांचा स्पर्श त्यांस चालत नसे त्यांच्याबरोबर त्या जेवू लागल्या. परंतु ह्या वाटेवर त्यांस मोठा झगडा करावा लागला. तेव्हा, ज्याच्या घरी कधी पाणीही प्यालो नाही अशा बंधूला आपण प्रभुभोजनाच्या मेजापाशी भाऊ म्हणत असू, तर तो झगडा आपल्या मनात अजून सुरूदेखील झालेला नाही. करिंथ येथील मंडळीत हाच रोग होता. ज्यांच्याजवळ होते ते आधीच जेवून तृप्त होत, आणि ज्यांच्याजवळ नव्हते ते भुकेले राहत. पौलाने त्यांस स्पष्ट लिहिले की, अशा जेवणाला प्रभूचे भोजन म्हणता येत नाही (१ करिंथ ११). याकोबानेही सोन्याची अंगठी घातलेल्याला चांगली जागा आणि मळक्या वस्त्रांतील दरिद्र्याला पायापाशी जागा देणाऱ्यांस दोष लाविला आहे (याकोब २).

आता एका गंभीर शंकेकडे वळू. विचारी वाचक असे विचारील की, प्रभूने शेवटी फेडीचे वचन दिलेच आहे ना? मग फेड शेजाऱ्याकडून न घेता देवाकडून घेतली, आणि ह्या लोकी न घेता परलोकी घेतली, इतकाच काय तो भेद. वही बदलली, व्यापार तोच राहिला. इतकेच नव्हे, तर गरीब मनुष्य हा आमच्या पुण्याची शिडी झाला. त्याच्या खांद्यावर पाय देऊन आम्ही वर चढू पाहतो!

ही शंका खोटी नाही. पुण्याच्या लोभाने अन्न वाढणारे पुष्कळ आहेत, आणि त्यांत ख्रिस्ती नाव धारण करणारेही आहेत. परंतु प्रभूने हिचे उत्तर दुसऱ्या ठिकाणी देऊन ठेविले आहे. मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायात शेवटच्या न्यायाचे वर्णन आहे. तेथे राजा उजवीकडच्यांस सांगतो की, मी भुकेला असता, परका असता, तुम्ही माझा समाचार घेतला. तेव्हा ते नीतिमान लोक काय करितात? ‘होय प्रभो, आमच्या ध्यानात आहे’ असे ते म्हणत नाहीत. ते चकित होतात. हे आम्ही केव्हा केले, असे ते उलट त्यालाच विचारितात. ह्यावरून दिसते की, ज्यांची फेड होते त्यांनी आपल्या हाताने कधी वही लिहिलीच नव्हती. देवाची फेड मजुरीसारखी नाही. मजुरीवर ज्याचा डोळा असतो तो ती मागून घेतो. ही फेड, जे मागावयाचेच विसरले त्यांना मिळते. आई आजारी मुलाजवळ रात्रभर जागली आणि पहाटे मुलाने डोळे उघडून तिला हाक मारली, तर तिच्या जागरणाची फेड झाली असे आपण म्हणतो. परंतु तिने काही व्यापार केला असे कोणी म्हणत नाही. जिच्यावर प्रीती होती तीच वस्तू तिला मिळाली. त्याचप्रमाणे जो दरिद्र्यावर प्रीती करितो, त्याला त्या दिवशी मिळावयाचे ते हेच की, ते सर्व दरिद्री उठून देवाच्या मेजावर बसलेले तो पाहील, आणि त्यांच्यामध्ये त्यालाही जागा असेल. ज्याला त्यांची संगत येथे नकोशी वाटते, त्याला ती फेड तेथे तरी गोड कशी लागेल?

तर फेडीची आशा सोडणे म्हणजे काय, हे आता अधिक बारकाईने पाहू. रुपयांची फेड सोडणे त्या मानाने सोपे आहे. दुसऱ्या फेडी अधिक सूक्ष्म असतात. आम्ही जेवू घातले म्हणून त्याने आमचे नाव घ्यावे, ही एक फेड. उद्या शेतात काम निघाले तर त्याने कमी मजुरीत यावे, ही दुसरी. आमच्यापुढे त्याने नेहमी मान खाली घालून उभे राहावे, ही तिसरी. आणि ही तर रुपयांपेक्षाही महाग आहे. चौथी फेड अशी आहे की, तिचे नाव घेताना पाळक, उपदेशक व बायबलबाई ह्यांनी आपापले अंतःकरण तपासावे. ती ही की, आम्ही अन्न दिले म्हणून त्याने उपासनेस यावे, आणि पुढेमागे बाप्तिस्मा घ्यावा.

ह्या शेवटल्या फेडीने आमच्या मंडळ्यांचे किती नुकसान झाले आहे! १८७६ ते १८७८ आणि १८९९–१९०० ह्या मोठ्या दुष्काळांत महाराष्ट्रातील मिशनांनी पुष्कळ अनाथांस व उपाशी कुटुंबांस आश्रय दिला, आणि त्यांपैकी अनेकांनी ख्रिस्ताचा स्वीकार केला. त्यांच्या मुलानातवंडांस पुढे लोकांनी ‘दुष्काळी ख्रिस्ती’, ‘पोटासाठी बाटलेले’ असे हिणविले. तो टोमणा पुष्कळदा अन्यायाचा होता. कारण पाऊस पडून पीकपाणी झाल्यावरही अनेक जण विश्वासात टिकून राहिले, आणि भाकरीकरिता आलेला मनुष्य तसा टिकत नाही. तथापि त्या टोमण्यातून एक धडा घ्यावा. प्रभूने पाच हजारांस जेवू घातले, तेव्हा आधी त्यांचा विश्वास तपासला नाही. आणि दुसऱ्या दिवशी केवळ भाकरीसाठी शोधीत आलेल्यांस त्याने स्पष्ट बोलून दाखविले. दहा कुष्ठरोगी शुद्ध झाले आणि एकच परत आला, म्हणून त्याने उरलेल्या नवांचे आरोग्य काढून घेतले नाही. सुवार्ता सांगावयाची ती मोकळ्या मनाने सांगावी, आणि अन्न वाढावयाचे ते मोकळ्या हाताने वाढावे. परंतु एकाला दुसऱ्याची किंमत करू नये. ज्या भाकरीवर अट आहे ती भाकरी कर्ज आहे, मग ती अट कितीही पवित्र असो. आणि कर्जाने बांधलेला मनुष्य ‘होय’ म्हणाला, तर त्या ‘होय’चा अर्थ काय तो देवच जाणे.

आद्य मंडळीने हा धडा कसा गिरविला, ह्याची साक्ष विरोधकांच्या तोंडूनही मिळते. ख्रिस्ती धर्म सोडून पुन्हा जुन्या देवतांची उपासना स्थापू पाहणारा रोमी बादशहा ज्युलियन ह्याच्या नावे इ. स. ३६२ च्या सुमाराचे एक पत्र आहे. ते गलतिया प्रांतातील एका मुख्य पुजाऱ्यास लिहिलेले आहे. त्यात तो खेदाने म्हणतो की, हे गालीली लोक आपल्याच गरिबांस नव्हे, तर आमच्याही गरिबांस पोसतात. म्हणून तुम्हीही नगरोनगरी परक्यांसाठी धर्मशाळा बांधा. गालीली हे नाव तो तिरस्काराने ख्रिस्ती लोकांस देत असे. शत्रूला जे खुपले तेच मंडळीचे भूषण होते : तिच्या पंक्तीत बाहेरचेही बसत असत. त्याच शतकात कप्पदुकियातील कैसरिया नगरीचा अध्यक्ष बासील ह्याने नगराबाहेर प्रवासी, आजारी व कुष्ठरोगी ह्यांच्यासाठी एक मोठी वसती उभारिली. तिच्याविषयी त्याचा मित्र ग्रेगरी सांगतो की, ते जणू एक नवे नगरच होते, आणि बासील स्वतः त्या रोग्यांस आलिंगन देण्यास कचरत नसे. त्या काळी कुष्ठरोगावर औषध नव्हते. आज तो रोग औषधांनी बरा होतो, आणि तरीही बरा झालेल्या मनुष्यास पंक्तीस घेण्यास आम्ही मागेपुढे पाहतो!

आपल्या महाराष्ट्रातील उदाहरण हवे असेल तर केडगावकडे पाहावे. पंडिता रमाबाईंनी तरुणपणी आईवडिलांबरोबर व भावाबरोबर अन्नासाठी वणवण केली होती, आणि दुष्काळाच्या त्या दिवसांत आपली माणसे मरताना पाहिली होती. पुढे १८९६–९७ चा दुष्काळ पडला, तेव्हा त्या स्वतः मध्य प्रांतात गेल्या आणि तेथून शेकडो निराधार मुली व स्त्रिया घेऊन आल्या. मुक्तिसदनात आंधळ्यांसाठी बार्तीमी सदन आणि वृद्ध व दुर्बळांसाठी प्रीती सदन अशी वेगळी घरे होती. शिकून सवरून शिक्षिका होणारी मुलगी संस्थेच्या उपयोगी पडेल, हे कोणालाही समजते. परंतु आंधळी आणि म्हातारी काय फेडणार? तरीही त्यांच्यासाठी घर बांधले गेले. लूकाच्या चौदाव्या अध्यायाचे ह्याहून स्पष्ट मराठी भाषांतर सांगता येणार नाही.

कोणी गरीब वाचक येथे म्हणेल की, हे सर्व बादशहा, अध्यक्ष आणि पंडिता ह्यांच्याविषयी झाले. आमच्या घरी तर आमच्याच मुलांस पुरेसे नाही. हे म्हणणे रास्त आहे. जो आपल्या घरच्यांची तरतूद करीत नाही त्याला पौलाने दोष लाविला आहे (१ तीमथ्य ५:८), आणि ऋण काढून सण करण्यास शास्त्राने कोठेही उत्तेजन दिलेले नाही. परंतु पाहुणचार म्हणजे पक्वान्ने, ही समजूतच आधी सोडावी. सारफथच्या विधवेजवळ मडक्यात पसाभर पीठ व कुपीत थोडेसे तेल एवढेच उरले होते. आणि एलीया, देशाबाहेरचा परका, त्याच पिठाचा पाहुणा झाला. पोळीपुरणाची जेवणावळ घालावयास कर्ज लागते. भाकरी, कोरड्यास आणि मिठाचा खडा ह्यांस कर्ज लागत नाही. किंबहुना असे म्हणावे लागते की, श्रीमंत पाहुण्यांसाठी काढलेले कर्जच आम्हांस गरीब पाहुण्यासाठी दरिद्री करून ठेविते. लग्नाच्या एका पंगतीसाठी जमीन गहाण पडली, म्हणजे पुढे कित्येक वर्षे दारी आलेल्या भुकेल्यास ‘पुढे जा’ म्हणण्याची पाळी येते.

दुसरा म्हणेल की, अशाने आळशी लोक माजतील. ह्या भयाचाही विचार आपल्या पूर्वजांनी केला होता. ‘बारा प्रेषितांची शिकवण’ नावाचा एक फार प्राचीन ग्रंथ आहे. त्यात असा नियम सांगितला आहे की, वाटसरू आला तर त्याला शक्य तितके साहाय्य करावे. त्याने दोन, फार तर तीन दिवस राहावे. कायमचे राहावयाचे असेल तर आपल्या धंद्याने काम करून खावे. धंदा येत नसेल तर मंडळीने विचार करून त्याची सोय लावावी. आणि जो काम करावयास तयारच नाही, तो ख्रिस्ताच्या नावावर व्यापार करणारा समजून त्याच्यापासून सावध राहावे. थेस्सलनीकाकरांस पौलानेही ह्याच अर्थाचे लिहिले आहे. येथे विवेक आहे, पण त्याचा क्रम पाहावा : आधी दार उघडले जाते, मग चौकशी होते. चौकशी पुरी झाल्यावर दार उघडू म्हणणाऱ्याचे दार बहुधा कधीच उघडत नाही. शिवाय प्रभूने ज्यांची नावे घेतली ते आंधळे व लंगडे होते. ज्याला काम करवत नाही आणि ज्याला काम करावयाचे नाही, ह्या दोघांस एकच माप लावणे हा अन्याय आहे.

आणखी एक गोष्ट सांगितल्यावाचून हा विषय पुरा होत नाही. गरीब मनुष्य नेहमी पाहुणाच असावा आणि आम्ही नेहमी यजमान, अशी मांडणी प्रभूने केलेली नाही. सत्तर जणांस पाठविताना त्याने त्यांस सांगितले की, ज्या घरी जाल तेथे जे पुढे ठेवितील ते खा. तो स्वतः जक्कयाच्या घरी आपण होऊन उतरला. ज्याच्याकडून आपण काहीच घेत नाही, त्याला आपण अद्याप आपल्या बरोबरीचे मानलेले नाही. म्हणून उपदेशकाने गरिबाच्या झोपडीत जावे तेव्हा ‘नको, पोट भरले आहे’ असे म्हणून त्याचा कोरा चहा नाकारू नये. त्याला फेड करण्याची शक्ती नसेल. देण्याचा आनंद मात्र त्यालाही असावा. ह्यात आणि फेडीत भेद इतकाच की, आम्ही मागत नाही. पण तो प्रीतीने देतो तेव्हा नम्रपणे घेतो.

आता आपल्या मंडळ्यांनी करावयाचे काय? दूर शोधावयास नको. पावसाळा सरला म्हणजे बीड, अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) अशा जिल्ह्यांतून हजारो कुटुंबे मुकादमाची उचल घेऊन ऊसतोडीस निघतात आणि साखर कारखान्यांच्या आसपास कोप्या घालून राहतात. नवराबायकोच्या जोडीस तेथे ‘कोयता’ म्हणतात. माणसाला हत्याराचे नाव पडावे, ह्यावरूनच त्यांची किंमत जगाने काय केली आहे ते दिसते. ती जोडी आजारी पडली तर खाडा धरला जातो. वसंत ऋतूत ती निघून जातात, आणि बहुधा त्या गावी पुन्हा येतही नाहीत. म्हणजे त्यांच्याकडून आहेर फिरून यावयाचा नाही हे निश्चितच. ज्या मंडळीच्या शिवारात अशा कोप्या असतील, तिने नाताळाच्या भोजनास त्यांस बोलवावे. डबे भरून कोपीवर पाठवू नयेत. त्यांस मांडवात बसवावे, त्यांच्या मुलांची नावे विचारावी, मंडळीच्या पंचांनी त्यांच्या शेजारी बसून जेवावे, आणि सभासदत्वाचा शब्दही काढू नये. ज्या गावी अशी कुटुंबे नसतील तेथे एखादी एकटी म्हातारी, एखादा आंधळा, मनाने भ्रमिष्ट झालेला एखादा मनुष्य असतोच. प्रत्येक घराने महिन्यातून एकदा अशा एकाला आपल्या रोजच्या जेवणास बोलवावे. त्याच्यासाठी काही विशेष शिजवू नये, फक्त एक पान अधिक मांडावे. आणि ज्या घरी लग्न निघेल, त्या घराने आमंत्रणाच्या यादीत चार नावे अशी घालावी की, ज्यांच्यापुढे आहेराच्या वहीत काहीच लिहिले जाणार नाही.

बंधुभगिनींनो, ह्या सर्वांचे मूळ आपल्या स्वतःच्या इतिहासात आहे. प्रभुभोजनाच्या दिवशी आपण ज्या मेजापाशी जातो, तेथे आपण यजमान म्हणून जात नाही. ते अन्न कोणी मांडले, आणि ते मांडावयास त्याला काय पडले, हे आपणांस ठाऊक आहे. त्याची फेड आजपर्यंत कोणी केली? आपण दोन्ही पायांनी लंगडे असता त्याने आपणांस लोदबाराहून बोलावून आणिले, आणि राजपुत्रांच्या पंक्तीस बसविले. मेजाखाली आपले पाय अजूनही लंगडेच आहेत. ज्याला हे उमगले, त्याला आपल्या शेजारी बसलेला दरिद्री परका वाटणार नाही. कारण ज्याला काहीच फेडता येत नाही असा पाहुणा त्या पंक्तीत प्रत्येक जण आहे. त्या कृपावंत यजमानाने आपल्या घराची दारे रुंद करावी, आपल्या मनातील वही आपल्या हातून मिटवावी, आणि त्याच्या मेजावरून उठताना आपल्याबरोबर घरी कोणाला तरी जेवावयास नेण्याची बुद्धी आपणांस द्यावी, हीच प्रार्थना.